धुळीचा मास्क निवडताना : वापरून टाकायचा की धुऊन ठेवायचा?

एका जुन्या दरवाजाचा रंग घासून काढायचा होता. एन९५ मास्क लावून दोन तास घासत होतो. काम झाल्यावर मास्क काढला आणि आरशात पाहिलं, तर नाकाच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांच्या कोपऱ्यापर्यंत राखाडी धुळीची एकेक रेघ उमटली होती. मास्क उलटा करून पाहिला. आतला मधला भाग पांढराशुभ्र, पण नाकपट्टीखालची कड मळलेली. फिल्टरने त्याचं काम चोख केलं होतं. धूळ आली होती ती फटीतून.

तेव्हापासून कुणी विचारलं की ‘फेकायचा मास्क घेऊ की रबरी?’, तर मी फिल्टरचं नंतर बोलतो, आधी चेहऱ्याचं बोलतो. हा लेख पहिल्यांदाच मास्क घेणाऱ्यांसाठी आहे. लाकूडकाम, रंगकाम, तोडफोड, सफाई, आजाऱ्याची शुश्रूषा, धुराचे दिवस, कारण काहीही असो, निवड करायची रीत एकच.

आधी नावांचा घोळ मिटवू. फेकायच्या मास्कमध्ये अख्खा मास्क हाच फिल्टर असतो. एन९५ आणि एफएफपी२ हे त्यातले. रबरी मास्क, म्हणजे पुन्हा वापरायचा रेस्पिरेटर, हा सिलिकॉनचा किंवा रबराचा साचा असतो. तो नाक, तोंड आणि हनुवटी झाकतो, बाजूला फिल्टर अडकवायचे, ते भरले की बदलायचे आणि साचा धुऊन वापरत राहायचा. त्याला हाफ फेस म्हणतात. डोळ्यांसकट चेहरा झाकणारा तो फुल फेस. निळा, सैलसर सर्जिकल मास्क या दोन्हींत बसत नाही. घालणाऱ्याच्या तोंडातले तुषार समोरच्यावर उडू नयेत म्हणून तो बनवलेला आहे, बारीक धुळीपासून तुम्हाला वाचवण्यासाठी नव्हे.

पायरी १ : हवेत नेमकं काय आहे?

मास्क घेण्याआधी या प्रश्नाचं उत्तर हवं, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात.

हवेतला त्रास दोन जातींचा. एक म्हणजे कण : भुसा, सिमेंट, दगडाची पूड, बुरशीचे बीजाणू, धूर, वेल्डिंगचा धूर, जंतू असलेले तुषार. दुसरी म्हणजे वायू आणि वाफा : थिनर, स्प्रे रंग, काही गोंद, अमोनिया, क्लोरीन. कणांचा फिल्टर वायूला अडवत नाही. एन९५ लावून थिनरचं काम केलं, तर वास जसाच्या तसा आत येतो. वास येतोय म्हणून मास्क खराब आहे असं समजू नका. तो त्या कामासाठी नाहीच. फेकायच्या काही मास्कमध्ये कोळशाचा पातळ थर असतो, पण तो नकोसा वास थोडा कमी करण्यापुरता. वाफेचं खरं काम असेल तर प्रश्न तिथेच सुटतो : रबरी मास्क आणि योग्य कार्ट्रिज, म्हणजे त्याला अडकवायची वाफ शोषणारी डबी.

कणांच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. उन्हाच्या कवडशात तरंगताना दिसते ती धूळ तुलनेने जाडी. तिच्यातली बरीचशी नाकात आणि घशात अडकते. फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत पोहोचणारे कण साधारण ४ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात आणि ते सुटे सुटे दिसतच नाहीत. दगड, फरशी किंवा काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची धूळ याच जातीची. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत आठ तासांच्या सरासरीने सिलिकाची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. एवढी धूळ हवेत असली तरी खोली स्वच्छच दिसते.

आणखी एक गोष्ट, जी जिवाशी निगडित आहे. हे दोन्ही मास्क हवा गाळतात, हवा देत नाहीत. साध्या हवेत प्राणवायू साधारण २०.९ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांखाली गेला की कोणताही गाळणारा मास्क निरुपयोगी. विहीर, टाकी, गटाराचं चेंबर, बंद कोठार अशा ठिकाणी मास्क लावून उतरणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. कार्बन मोनॉक्साइडही नेहमीच्या कार्ट्रिजला दाद देत नाही. तिथे बाहेरून हवा पुरवणारी यंत्रणा आणि प्रशिक्षित माणसं लागतात.

पायरी २ : पाकिटावरची अक्षरं वाचायला शिका

अमेरिकी पद्धतीत एक अक्षर आणि एक आकडा असतो. ‘एन’ म्हणजे तेलाच्या सूक्ष्म तुषारांत न टिकणारा, ‘आर’ म्हणजे काही वेळ टिकणारा, ‘पी’ म्हणजे तेलातही चालणारा. ९५ म्हणजे चाचणीतले किमान ९५ टक्के कण अडवणारा, ९९ म्हणजे ९९ टक्के आणि १०० म्हणजे ९९.९७ टक्के. युरोपीय पद्धतीत फेकायच्या मास्कला एफएफपी१, एफएफपी२, एफएफपी३ म्हणतात. त्यांचे फिल्टर अनुक्रमे ८०, ९४ आणि ९९ टक्के कण अडवतात. रबरी मास्कवर लावायच्या फिल्टरला तिथे पी१, पी२, पी३ अशी नावं आहेत. चीनचा केएन९५, कोरियाचा केएफ९४ आणि भारताचं आयएस ९४७३ हे मानक हीसुद्धा याच कुटुंबातली.

चाचणी ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांवर होते, कारण ते पकडायला सर्वांत अवघड. मोठा कण जडपणामुळे वळणावर धाग्यावर आदळतो. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भरकटतो आणि कुठल्या ना कुठल्या धाग्याला चिकटतो. मधल्या आकाराचा कण या दोन्हींतून निसटायला बघतो. त्याला पकडण्यासाठी बहुतेक फेकायच्या मास्कच्या पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांवर कायमचा विद्युतभार दिलेला असतो. घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसे ते धागे कण ओढून घेतात.

म्हणूनच हे मास्क धुवायचे नसतात. साबणाच्या पाण्याने किंवा स्पिरिट, सॅनिटायझरने तो भार निघून जातो. धुतलेला मास्क दिसतो छान, श्वासही सहज घेता येतो, पण सर्वांत घातक बारीक कण आता त्यातून पार होतात. बाहेरून पाहून हा फरक कळत नाही. ‘स्वच्छ धुऊन वापरतो’ असं कुणी कौतुकाने सांगितलं की मी त्यांना हे आवर्जून समजावतो.

नकली माल पुष्कळ असतो. अमेरिकी मान्यतेच्या मास्कवर ‘टीसी-८४ए’ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो, युरोपीय मास्कवर सीई खुणेजवळ चार आकडे असतात. कानात अडकवायच्या दोऱ्या आणि वर ‘एन९५’ अशी अक्षरं दिसली तर शंका घ्या. खऱ्या एन९५ला डोक्यामागून जाणारे पट्टे असतात. लहान मुलांसाठीचा ‘मान्यताप्राप्त एन९५’ अशी जाहिरातही खोटी समजा, तशी मान्यता दिलीच जात नाही.

पायरी ३ : फट

इथे थोडं गणित करू, कारण सगळ्या निवडीचा पाया इथे आहे.

समजा, तुम्ही आत घेत असलेल्या हवेपैकी १० टक्के हवा मास्कच्या कडेने येते. ती गाळलेलीच नाही. उरलेल्या ९० टक्क्यांमधले ५ टक्के कण एन९५ सोडतो, म्हणजे आणखी ४.५. एकूण १४.५ टक्के धूळ आत. आता तेवढ्याच फटीचा पी१०० लावा. फिल्टर जवळजवळ काहीच सोडत नाही, तरी आत येते १० टक्के. उलट, साधा एन९५ पण फट शून्य, तर आत येते फक्त ५ टक्के. म्हणजे नीट बसलेला साधा मास्क हा सैल बसलेल्या भारी मास्कपेक्षा दुप्पट चांगला.

अमेरिकी नियमांत फेकायचा एन९५ आणि रबरी हाफ फेस, दोघांनाही संरक्षणाचा आकडा सारखाच आहे : १०. म्हणजे नीट बसवला तर आतली धूळ बाहेरच्या दहाव्या भागापर्यंत यावी. फुल फेसला ५०. मग हाफ फेसचा फायदा काय? तो बसवायला सोपा आहे. सिलिकॉनची मऊ, रुंद कड चेहऱ्याच्या वळणांशी जुळवून घेते, पट्टे ओढून कमीजास्त करता येतात, लहान-मध्यम-मोठा अशी मापं मिळतात आणि आज बसला तसा उद्याही बसतो. फेकायच्या मास्कला प्रत्येक वेळी नव्याने बसवावं लागतं. तीन तासांनी घामाने, ओलाव्याने तो मऊ पडला की पुन्हा बघावं लागतं.

फेकायचा मास्क लावताना वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानांखालून मानेवर ठेवा. पट्ट्यांची फुली करू नका, कडा दुमडतात. नाकपट्टी एका हाताच्या चिमटीत दाबू नका. तसं केलं की मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना छोटे तंबू उभे राहतात. माझ्या चेहऱ्यावरच्या त्या दोन रेघा याच चिमटीमुळे आल्या होत्या. दोन्ही हातांची बोटं नाकाच्या मध्यावर ठेवा आणि दाबत दाबत गालांपर्यंत न्या. मग दोन्ही तळव्यांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालांवर वारा लागला तर पुन्हा बसवा. मास्कला श्वास सोडायची झडप असेल तर उलट करा : तळव्यांनी झाकून श्वास आत ओढा, मास्क किंचित आत खेचला गेला पाहिजे.

रबरी मास्कची तपासणी याहून खात्रीची. फिल्टरची तोंडं तळव्यांनी बंद करा, श्वास हलकेच आत ओढा आणि दहा सेकंद थांबा. मास्क चेहऱ्याकडे आक्रसून तसाच राहिला तर ठीक. हळूहळू सैल झाला तर कुठेतरी गळती आहे. मग श्वास सोडायची पुढची झडप तळव्याने झाकून हळूच फुंका. मास्क थोडा फुगावा, कडेने हवा सुटू नये. हे रोज, प्रत्येक वेळी करायचं.

दाढी असेल तर दोन्हींचा उपयोग कमी होतो. कड जिथे टेकते तिथे केस नकोत, एक-दोन दिवसांची खुंटंसुद्धा नकोत. कडेच्या आत मावणारी मिशी चालते. ज्यांना दाढी काढायची नसेल त्यांच्यासाठी पंख्याने गाळलेली हवा सैल टोपात सोडणारं उपकरण असतं. ते महाग आणि बोजड आहे, पण श्रद्धेपोटी किंवा त्वचेच्या त्रासामुळे दाढी ठेवणाऱ्यांसाठी तोच प्रामाणिक मार्ग आहे.

कामाच्या ठिकाणी फिट टेस्टची सोय असेल तर ती नक्की करून घ्या. डोक्यावर टोप घालून आत कडू किंवा गोड द्रावणाचे तुषार सोडतात आणि मान हलवायला, वाकायला, बोलायला सांगतात. चव लागली तर मास्क तुमच्या चेहऱ्याचा नाही. दुसरं माप किंवा दुसरा प्रकार बघायचा.

पायरी ४ : किती वेळ आणि किती वेळा?

आता निवड. वर्षातून दोन-चार वेळा तासभर धूळ झाडायची असेल, पाहुण्यांना किंवा मदतीला आलेल्यांना द्यायचा असेल, दवाखान्यात जायचं असेल, धुराच्या दिवसांत घराबाहेर पडायचं असेल, तर फेकायचा मास्क घ्या. हलका असतो, बोललेलं समजतं, खिशात मावतो, देखभाल नाही. तुमच्या चेहऱ्याला बसणारा एक प्रकार शोधा आणि त्याचीच पेटी ठेवा.

आठवड्यातून दोनदा-तीनदा तरी धुळीत काम असेल, दिवसभर घासणं-कापणं असेल, शिसं असू शकेल असा जुना रंग काढायचा असेल, किंवा कधीतरी वाफेचं काम निघणारच असेल, तर रबरी हाफ फेस आणि पी१०० किंवा पी३ फिल्टर. सुरुवातीला खर्च जास्त वाटतो, पण साचा वर्षानुवर्षं टिकतो आणि बदलायचे ते फक्त फिल्टर. पी१०० फिल्टरने श्वास जड होईल अशी अनेकांना भीती असते. दोन बाजूंना दोन फिल्टर असल्यामुळे गाळायला जागा जास्त मिळते, आणि मला तरी तो घाम शोषून भिजलेल्या एन९५पेक्षा सोपा वाटतो.

अॅस्बेस्टॉसची शंका असेल तर फेकायचा मास्क नकोच. अमेरिकी नियम त्या कामाला तो वापरूच देत नाहीत. आणि घरगुती पातळीवर ते काम हातात घेऊच नका.

रबरी मास्कच्या अडचणीही खऱ्या आहेत. आवाज दबतो, फोनवर बोलता येत नाही. हनुवटीखाली घाम साचतो. चष्म्याची दांडी नाही, पण नाकावरची बैठक मास्कच्या वरच्या कडेला लागते, त्यामुळे चष्मा लावूनच माप बघा. संरक्षक गॉगल घालणार असाल तर तोही सोबत लावून बघा.

मास्क सोसवला नाही की माणूस तो मधेमधे काढतो, आणि तिथे सगळा हिशोब फसतो. आठ तासांच्या कामात फक्त ४८ मिनिटं मास्क खाली ओढलेला असेल तर तो दहावा भाग झाला. तेवढ्या वेळात दिवसाच्या धुळीचा दहावा हिस्सा थेट फुप्फुसात गेला. मग उरलेला वेळ जगातला सर्वोत्तम फिल्टर लावला तरी तो हिस्सा परत निघत नाही. म्हणून जो मास्क तुम्हाला दिवसभर न काढता सोसेल, तोच तुमच्यासाठी चांगला. दुकानात पाच मिनिटं लावून हे कळत नाही. घरी आणून तासभर लावा, वाका, जिना चढा, बोला.

समोरच्या माणसाचाही विचार करायचा असेल, म्हणजे तुम्हाला खोकला आहे किंवा घरात नाजूक प्रकृतीचं कुणी आहे, तर झडपेचा मास्क टाळा. झडपेतून बाहेर पडणारा श्वास फिल्टरमधून जात नाही. बहुतेक रबरी मास्कना ही झडप असतेच.

दमा, हृदयविकार किंवा श्वासाचा जुना आजार असेल तर रोजच्या वापराआधी डॉक्टरांना विचारा. कोणत्याही गाळणाऱ्या मास्कमुळे श्वासाला थोडी जास्त ताकद लागते.

पायरी ५ : वाफांसाठी कार्ट्रिज

कार्ट्रिजमध्ये सक्रिय कोळसा असतो. त्याच्या छिद्रांत वाफ अडकून बसते, आणि छिद्रं भरली की वाफ पार निघते. अमेरिकी रंगखुणांत सेंद्रिय वाफांसाठी काळा, आम्लवायूंसाठी पांढरा, दोन्हींसाठी पिवळा, अमोनियासाठी हिरवा आणि पी१०० कणांसाठी जांभळट-गुलाबी. युरोपात सेंद्रिय वाफांना तपकिरी, अमोनियाला हिरवा, कणांना पांढरा. दोन्ही पद्धतींत पांढऱ्याचा अर्थ वेगळा आहे, म्हणून रंगावर न जाता वरचा मजकूर वाचा. स्प्रे रंगासाठी वाफेचं कार्ट्रिज आणि त्याला जोडून कणांचा फिल्टर, दोन्ही लागतात, कारण स्प्रेमध्ये तुषारही असतात.

पाकीट उघडलं की कार्ट्रिज काम सुरू करतं, मग तुम्ही मास्क लावा वा न लावा. मी एकदा नवं कार्ट्रिज लावलेला मास्क थिनरच्या डब्याशेजारी कपाटात टांगून ठेवला. तीन आठवड्यांनी लावला तर पहिल्याच श्वासाला वास. न वापरता ते भरून गेलं होतं. आता काम झालं की हवाबंद डब्यात ठेवतो आणि उघडल्याची तारीख मार्करने वर लिहितो. हवाबंद ठेवूनही ते अमर होत नाही. आदल्या दिवशी अडकलेली वाफ रात्रभरात कोळशाच्या थरातून पुढे सरकते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या श्वासाबरोबर बाहेर येऊ शकते.

‘वास आला की बदलू’ हा नियम पाळू नका. काही वाफांचा वास त्रासदायक पातळीच्या खूप नंतर येतो. दोन भाग मिसळून लावायच्या पॉलियुरेथेन रंगातले आयसोसायनेट हे त्याचं ठळक उदाहरण. त्यांच्या स्प्रेला बाहेरून हवा पुरवणारी यंत्रणाच योग्य. बाकी कामांसाठी बनवणाऱ्याने दिलेल्या तासांच्या हिशोबाने वेळापत्रक आखा आणि शंका असेल तर लवकर बदला.

पायरी ६ : धुणं, ठेवणं, टाकणं

रबरी मास्क घेतला तर हे दहा मिनिटांचं काम आपलं म्हणायचं. आधी फिल्टर काढून बाजूला ठेवा. त्यांना पाणी लागता कामा नये, हवेचा झोत मारून किंवा आपटून साफही करू नका, आतले धागे फाटतात. साचा कोमट पाण्यात, ४३ अंश सेल्सियसपेक्षा गरम नको, सौम्य साबणाने आणि मऊ ब्रशने धुवा. एकाच मास्कचा वापर दोघे करत असतील तर निर्जंतुक करणं आवश्यक : लिटरभर पाण्यात साधारण १ मिलिलिटर कपड्यांचं ब्लीच घालून दोन मिनिटं बुडवा, मग स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा, नाहीतर कातडीला आग होते. थिनर किंवा पेट्रोल लावू नका. सावलीत वाळवा.

वाळल्यावर पुढची झडप उघडून बघा. आत कागदाइतकी पातळ रबरी चकती असते. श्वास सोडताना ती उचलली जाते, ओढताना सपाट बसून तोंड बंद करते. तिच्याखाली एक केस किंवा भुशाचा एक कण अडकला तरी ती अर्धवट उघडी राहते आणि प्रत्येक श्वासाला धूळ थेट आत येते. कड वळलेली, चिरलेली किंवा चिकट वाटली तर चकती बदला. ती सुटी मिळते. घेतानाच हे विचारून ठेवा : फिल्टर, झडपा, पट्टे सुटे मिळतात का? खटक्याने बसणारे फिल्टर बहुधा त्याच कंपनीचे लागतात. युरोपीय मानकाची ४० मिलिमीटरची आट्यांची जोडणी असेल तर निवडीला जास्त वाव असतो, पण तसे फिल्टर जड असतात आणि बहुधा फुल फेसवर लावतात.

साचा टांगताना पट्ट्याला लटकवू नका आणि वजनाखाली दाबू नका. कड एकदा वाकली की तशीच राहते. कणांचे फिल्टर श्वास जड वाटू लागला, भिजले किंवा फाटले की बदला.

फेकायचा मास्क ओला झाला, पट्टा सैल पडला, नाकपट्टी तुटली किंवा श्वास जड झाला की टाका. जड धुळीत आठ तास ही वरची हद्द समजा. हलक्या धुळीत एकच माणूस तो पुन्हा वापरू शकतो, पण कागदी पिशवीत मोकळा ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओलावा कोंडतो. आजाऱ्याजवळ वापरलेला किंवा शिशाच्या धुळीचा मास्क पुन्हा लावू नका. काढताना पुढच्या भागाला हात न लावता आधी खालचा, मग वरचा पट्टा धरून काढा, पिशवीत बंद करा आणि हात धुवा.

उद्या काम सुरू करणार असाल तर आज एवढं करा : मास्क लावा, तळव्यांनी तपासा, काम करा, आणि काढल्यावर लगेच आरशात नाकाच्या बाजू आणि हनुवटीखालचा भाग पाहा. रेघ दिसली तर ती कुठून आली ते शोधा आणि दुसऱ्या दिवशी मास्क तिथे वेगळा बसवून पुन्हा पाहा. शक्य असेल तिथे फरशी कापताना पाणी सोडा, घासायच्या यंत्राला धूळ ओढणारा पाइप जोडा, खिडक्या उघडा. हवेत कमी उडालं की फटीतूनही कमीच येतं.